आधी कान, मग गळा
(बालसंगीतवर्गाच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी गायक नाही. पत्रकारितेच्या निमित्ताने अनेक वर्षे मैफली ऐकत आलेला एक श्रोता आहे. त्यामुळे संगीत कसे शिकवावे हे सांगण्याचा माझा अधिकार नाही; तो येथील गुरुजनांचा आहे. मी बोलणार आहे ते घराविषयी. मुलाला संगीत शिकवण्याचे काम वर्गात होते. पण ते आवडू लागण्याचे काम मात्र घरीच व्हावे लागते.

आज आपण महिन्याचे शुल्क भरून मुलाला संगीतवर्गात पाठवू शकतो, ही सोय सहजासहजी मिळालेली नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी संगीतविद्या बहुतांशी दरबारांच्या आणि घराण्यांच्या आश्रयाने राहत होती. पांढरपेशा घरातल्या मुलाने, त्यातही मुलीने गाणे शिकणे प्रतिष्ठेचे मानले जात नसे. कुरुंदवाडला जन्मलेल्या पं. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या दृष्टीला बालपणी फटाक्यांच्या अपघातात इजा झाली. मिरजेस पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी विद्या घेतली आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. स्वरलेखनाची पद्धत सिद्ध केली, मुलांसाठी क्रमिक पुस्तके लिहिली. पुढे 1931 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळामुळे प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षांची शिडी घराघरांत पोहोचली.

ही शिडी मोलाचीच आहे. परंतु शिडी चढण्यासाठी असते, भिंतीवर टांगण्यासाठी नव्हे! शास्त्रीय कलांच्या परीक्षांबद्दल दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळू लागले आणि वर्गांतील गर्दी वाढली. त्याचे स्वागतच आहे. प्रश्न अकरावीचा आहे. गुण पदरात पडताच तानपुरा गवसणीत जातो आणि पेटीवर इस्त्रीचे कपडे रचले जातात, असे आपल्यापैकी किती घरांत घडते? पाच-सहा वर्षे शिकलेल्या मुलाला त्यानंतर एखादी मैफल ऐकावीशीही वाटत नसेल, तर आपण त्याला संगीत दिले की केवळ प्रमाणपत्र?

मोठ्या कलावंतांची बालपणे पाहिली, तर त्यांत ऐकण्याला पहिले स्थान दिसते. शिवपुत्र कोमकली नावाचा बेळगावकडचा मुलगा थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गात असे. प्रा. बी. आर. देवधरांनी मुंबईत त्याला शिकवले, तेव्हा निरनिराळ्या घराण्यांचे गाणे त्याच्या कानांवर पडू दिले. म्हणूनच अनुकरण करणाऱ्या त्या बालकातून स्वतःची वाट शोधणारे कुमार गंधर्व घडले. गदगच्या बाळ भीमसेनला आईची भजने लाभली. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकेने त्याला असे झपाटले, की 1933 मध्ये गुरूच्या शोधात त्याने घर सोडले. आपली मुले भीमसेन व्हावीत असे मी म्हणत नाही. कान आधी तयार होतो आणि गळा त्याच्या मागून येतो, एवढेच यातून घ्यायचे.

कान तयार करण्यास वैभव लागत नाही. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि बाबूजींचे गीतरामायण वर्षभर प्रसारित झाले. छप्पन्न गीते, तीही वेगवेगळ्या रागांच्या आधारे बांधलेली. रेडिओभोवती आजी-आजोबांसह बसलेल्या मुलांना भूपाली किंवा भैरवी ही नावे कोणी शिकवली नव्हती. तरी ते स्वर त्यांच्या मनात रुजले. कारण घर एकत्र बसून ऐकत होते. आज सारे संगीत खिशातल्या भ्रमणध्वनीत आहे. पण प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र हेडफोन आहे.

म्हणून पालकांना काही साध्या विनंत्या. रोज पंधरा मिनिटे सर्वांनी मिळून काही ऐकावे. आरती, भोंडल्याची गाणी, ओव्या मुलांसोबत स्वतः म्हणाव्यात. आपला सूर लागत नसला तरी संकोच नको. आईवडील आनंदाने गातात, हे मुलाला दिसू द्यावे. त्रितालाच्या सोळा मात्रा टाळी-खाली देत मोजणे हा जेवणानंतरचा उत्तम खेळ आहे. लहान मुलांचा गळा साधारणपणे काळी चार-पाचच्या आसपास मोकळा असतो. मोठ्यांच्या पट्टीत त्यांना ओढू नये. बारा-चौदाच्या वयात मुलाचा आवाज फुटतो. तेव्हा ‘तुझा आवाज गेला’ असे चुकूनही म्हणू नये. गुरूंच्या सल्ल्याने गाण्याचा भार हलका करून तबला किंवा पेटी हाती द्यावी. या वळणावर दुखावलेली अनेक मुले संगीताकडे पुन्हा फिरकत नाहीत. आणि दूरचित्रवाणीवरील स्पर्धेतल्या मुलाशी तुलना तर मुळीच नको.

यातील फार थोडी मुले कलावंत होतील. बाकीची अभियंता होतील, शिक्षक होतील, दुकान चालवतील. त्यांना रसिक होता आले, तर ते यश लहान समजू नका. रिकाम्या खुर्च्यांसमोर कोणतीही परंपरा टिकत नाही. शिवाय दुसऱ्याच्या सुरात सूर मिळवण्यासाठी आधी दुसऱ्याचे ऐकावे लागते. ही सवय लागलेला माणूस कुटुंबात आणि समाजातही अधिक समंजसपणे वागतो, असा माझा अनुभव आहे.

आज घरी गेल्यावर मुलाला ‘परीक्षा कधी आहे?’ असे विचारू नका. ‘सध्या कोणता राग चालला आहे? आम्हालाही ऐकव’, असे म्हणा आणि हातातले काम बाजूला ठेवून ते पूर्ण ऐका.