आपले नाव आपण सांभाळावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आज मंडळाचा वाढदिवस. अशा दिवशी गोड बोलावे अशी रीत आहे. पण चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो चोरीचा! तो मलाच का दिला, हे तुम्हां पुष्कळ जणींना ठाऊक आहे. मागच्या श्रावणात आमच्या दारी पोलीस आले होते. समोरच्या गॅलरीतून ते तुम्ही पाहिलेत. कोणी खोदून विचारले नाही, ही तुमची माया. मी आपण होऊन सांगितले नाही, ही माझी चूक. ती आज दुरुस्त करते.

घडले ते असे. बाजाराच्या कोपऱ्यावर छत्री लावून एक मुलगा सिमकार्डे विकत बसे. मी त्याच्याकडून एक घेतले. आधारकार्ड दाखवले, यंत्रावर अंगठा टेकवला. "आजी, उमटला नाही, पुन्हा ठेवा," तो म्हणाला. मी ठेवला. जन्मभर भांडी घासून बोटे झिजलेली, ठसा उमटत नाही यात नवल ते काय! पण पहिला ठसा चांगला उमटला होता. दुसऱ्या ठशावर त्याने माझ्या नावाचे आणखी एक कार्ड काढले आणि भलत्याच माणसाला विकले. त्या नंबरावरून परगावच्या एका पेन्शनर गृहस्थांना "बँकेतून बोलतो" म्हणून फोन गेला, आणि त्यांची पुंजी गेली. पोलिसांनी नंबर कोणाचा म्हणून शोध घेतला, तर नाव निघाले माझे.

जबाब द्यायला या, असा कागद देऊन पोलीस गेले. मी तो कागद तांदळाच्या डब्याखाली ठेवला आणि चार दिवस कोणाला काही बोलले नाही. "या वयात हे काय करून ठेवलेस?" असे मुलगा म्हणेल, हीच भीती. शेवटी तांदूळ काढताना सूनबाईंच्या हाती तो लागला. त्या एवढेच म्हणाल्या, "आई, चोरी तुमची झाली, मग मान खाली तुम्ही का घालायची?" आम्ही दोघी चौकीवर गेलो, खरे ते सांगितले. पण भगिनींनो, त्या चार दिवसांत तो नंबर चालूच होता. त्यावरून आणखी कोणाकोणाला फोन गेले असतील, हा विचार मला अजून रात्री उठवतो.

पूर्वी चोर भांडी न्यायचा, दागिने न्यायचा. आताचा चोर नाव नेतो. आपले नाव, आधारचा आकडा, पॅनकार्ड आणि अंगठा एवढे त्याच्या हाती पडले, की तो आपल्या नावाने सिमकार्ड काढतो, कर्ज उचलतो, खाते उघडतो. दुसऱ्याची ओळख अशी लबाडीने वापरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी गुन्हेगार तो. आपण ज्यांचे नाव चोरीला गेले ते.

आता करायचे काय? आपण गव्हाची साठवण करताना जेवढी काळजी घेतो, तेवढीच इथे पुरे.

पहिली गोष्ट, झेरॉक्स. मागेल त्याला आपण आधारची झेरॉक्स देतो. द्यावीच लागली, तर तिच्यावर आडवे लिहावे: कोणाला, कशासाठी, कोणत्या तारखेस, आणि खाली सही करावी. आधारची अशीही प्रत मिळते, जिच्यात बारांपैकी पहिले आठ आकडे झाकलेले असतात. पुष्कळ ठिकाणी तीच पुरते. दुकानदाराकडे फसलेली खराब प्रत मागून घ्यावी आणि घरी आणून फाडावी.

दुसरी, अंगठा. आधारच्या अॅपवरून आपल्या ठशांना कुलूप घालता येते. काम पडेल तेव्हा उघडावे, नाहीतर बंद ठेवावे. आणि कोणी "पुन्हा ठेवा" म्हणाला, तर का, हे आधी विचारावे. मी विचारले नव्हते.

तिसरी, नंबर. सरकारने २०२३ साली 'संचार साथी' नावाची सोय सुरू केली. तिथे आपल्या नावावर किती मोबाइल चालू आहेत ते दिसते, आणि आपला नसलेला नंबर तिथूनच कळवता येतो. माझ्या नावावरचा तो परका नंबर मला तिथेच दिसला.

चौथी, कर्ज. आपल्या नावावर कोणते कर्ज आहे याची नोंद सिबिलसारख्या कंपन्या ठेवतात. वर्षातून एकदा तरी तो अहवाल त्यांनी फुकट द्यायचा असतो. संक्रांतीला मागवावा, म्हणजे विसर पडत नाही.

पाचवी गोष्ट आपल्या बायकांचीच. पुष्कळींच्या बँकखात्याला नंबर असतो यजमानांचा किंवा मुलाचा. यजमान गेले, त्यांचा फोन बंद पडला, की काही महिन्यांनी कंपनी तो नंबर दुसऱ्या कोणाला देते. आणि आपल्या खात्याचे निरोप परक्याच्या हाती जाऊ लागतात. खाते आपले, तर नंबरही आपलाच हवा. माहेरच्या नावाची जुनी कागदपत्रेही कुठे पडून आहेत, ते पाहावे.

फोनवर आलेला सांकेतिक आकडा कोणालाही सांगू नये. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो, एवढे ध्यानात ठेवले तरी अर्धे फसवे फोन ओळखू येतात.

इतके करूनही फसगत झालीच, तर दोन नंबर पाठ ठेवा. आपल्या इतिहासातच ते आहेत. मिठाचा सत्याग्रह १९३०: पैसे गेले तर हा फोन. स्वातंत्र्य १९४७: आधारची तक्रार असली तर हा. १९३० वर मात्र त्या क्षणी फोन करावा. चोर पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरवत असतो. ते काढून घेण्याआधी कळले तरच बँकेला अडवता येतात. माझ्यासारखे चार दिवस तांदळाच्या डब्याखाली ठेवून चालत नाही.

शेवटी एक सूचना. पुढच्या बैठकीस प्रत्येकीने आपला फोन आणावा. सूनबाई येणार आहेत. चहाच्या आधी आपण सगळ्या मिळून आपापल्या नावावरचे नंबर पाहू. कोणाच्या नावावर परका नंबर निघाला, तर तिने लाजू नये. तिच्या शेजारी मी बसेन.