सुई-दोऱ्याविना भिंतीवरचे खिसे

चाव्या, चष्मा, विजेचं बिल... ऐन निघताना घरभर शोधाशोध! त्यासाठी भिंतीवर खिसेच करू या, सुई-दोरा न घेता. जुनी जीन्स विरते गुडघ्यावर. मागचे खिसे मात्र धडधाकट असतात. ते पाठच्या कापडासकट कापा, म्हणजे मूळ शिवण शाबूत राहते. ज्यावर खिसे लावायचे ते जाड कापड आधी धुऊन इस्त्री करा. कोऱ्या कापडाच्या खळीवर गोंद नीट धरत नाही. कापडाला चालणारा गोंद खिशामागे अगदी काठापर्यंत लावा, वर जड पुस्तकं ठेवा आणि २४ तास हात लावू नका. घाईने लटकवलेला खिसा कोपऱ्यातून सुटतोच. कापडाची वरची कड काठीभोवती दुमडून चिकटवा, काठीला सुतळी बांधा. कात्री मात्र या खिशांत ठेवू नका. टोक कापडातून बाहेर येतं.