परभाषेची पदवी आणि तिचे मोल



बारावीनंतर एखाद्या मुलीने जर्मन किंवा जपानी भाषा घेऊन बी. ए. करण्याचा मनोदय घरी बोलून दाखविला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'हे शिकून पुढे काय?' या प्रश्नाची टवाळी करण्याची रीत विद्यापीठांतून रूढ आहे. ज्ञानासाठी ज्ञान ही भूमिका उदात्त आहे यात शंका नाही. परंतु ज्या घरात महिनाअखेरीस वाण्याची उधारी चुकत नाही, त्या घरी हा प्रश्न क्षुद्र ठरत नाही. त्याचे उत्तर सरळ दिले पाहिजे. मात्र ते देताना त्याच्या पोटातला दुसरा प्रश्नही विचारणे प्राप्त आहे. भाषेला बाजारात जी किंमत येते, ती ठरवितो कोण?

या संदर्भात रशियन भाषेच्या उदाहरणाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. १९५५ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. १९५८ साली पवईची आयआयटी युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत साहाय्याने उभी राहिली. १९६४ साली नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना निघाला. यंत्रे आली, यंत्रांबरोबर तज्ज्ञ आले आणि तज्ज्ञांबरोबर आराखडे, पुस्तिका व तपशिलांच्या याद्या आल्या. त्या वाचणार कोण? १९६५ साली दिल्लीत रशियन अभ्यासाची स्वतंत्र संस्था काढण्यात आली आणि पुढे ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. १९७१ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर तर रशियन शिकणे म्हणजे नोकरीची वाट धरणे, असे मध्यमवर्गीयांनाही वाटू लागले. कोणी कारखान्यात तांत्रिक अनुवादक झाले, कोणी शिष्टमंडळांबरोबर दुभाषे म्हणून हिंडले, कोणी आकाशवाणीच्या विदेश प्रसारण सेवेत गेले. मॉस्कोतील प्रकाशनगृहे मराठीतही पुस्तके काढीत. त्यांतली लहान मुलांची गुळगुळीत कागदावरची स्वस्त पुस्तके आज पन्नाशी-साठीत असलेल्या कितीतरी मराठी वाचकांना आठवत असतील.

आणि १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघराज्यच संपले. रशियन व्याकरणात सहा विभक्त्या होत्या, त्या सहाच राहिल्या. पुश्किन आणि चेखव यांच्या लेखनातले एक अक्षरही बदलले नाही. तरीही त्या भाषेचे मोल काही वर्षांत कोसळले, कारण ते मोल भाषेचे नव्हतेच. ते दोन राज्यांमधील व्यवहाराचे होते. ज्यांनी रशियनबरोबर इतिहास, अर्थशास्त्र किंवा एखादे तंत्रही जाणून घेतले होते, त्यांना दुसरी वाट सापडू शकली. ज्यांच्यापाशी केवळ भाषा होती, त्यांच्यापुढे वाटा थोड्या उरल्या.

आज तीच जागा जर्मन आणि जपानी या भाषांनी घेतली आहे. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात असलेल्या विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात काय किंवा मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागात काय, येणाऱ्या विद्यार्थ्याला नोकरीची भाषा आधी कळते आणि साहित्याची मागाहून. जपानी शिकणारा एन-पाचपासून एन-एकपर्यंतच्या पायऱ्या मोजतो, जर्मन शिकणारा ए-एकपासून सी-दोनपर्यंतच्या. या पायऱ्या चढून गेल्यावर जे काम मिळते, त्याचे स्वरूपही स्पष्ट सांगितलेले बरे. संगणक कंपनीत ग्राहकाची पत्रे वाचून त्यांना उत्तरे देणे, यंत्रांच्या माहितीपुस्तिका उलथून देणे, बैठकीत दोन अभियंत्यांच्या मध्ये बसणे, खासगी शाळेत तिसरी भाषा शिकविणे, अजिंठा-वेरूळला परदेशी पाहुण्यांना लेणी दाखविणे. ही कामे हलकी नव्हेत. प्रामाणिक आहेत आणि पुष्कळदा बरा पगारही देतात. पण परकीय भाषेची पदवी म्हणजे वकिलातीचे दार, असे जे खासगी वर्गांच्या जाहिरातींतून सुचविले जाते, ते खरे नाही. परराष्ट्र सेवेत लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून जावे लागते आणि परकीय भाषा निवड झाल्यानंतर शिकविली जाते. त्या खात्यात दुभाष्यांचा वेगळा संवर्ग आहे, पण जागा मोजक्याच.

शिक्षकाच्या नोकरीचीही तीच गत. २०११ च्या करारानुसार केंद्रीय विद्यालयांतून जर्मन ही तिसरी भाषा म्हणून शिकविली जात होती. २०१४ च्या नोव्हेंबरात, वर्ष अर्ध्यावर आले असताना, तिच्या जागी संस्कृत आणण्याचा निर्णय अमलात आला. संस्कृत शिकविण्यास कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. पण ज्या तरुणांनी चार-पाच वर्षे खर्चून ही विद्या मिळविली, त्यांच्या चरितार्थाचा विचार त्या निर्णयात कुठे दिसला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परकीय भाषांची नावे आली, तेव्हा आधीच्या मसुद्यात असलेली चिनी भाषा त्यांतून गळाली. ज्या शेजाऱ्याशी सीमेवर तंटा आहे त्याची भाषा अधिक शिकावी की कमी, हा विचार निदान विद्यापीठांनी तरी सैन्याच्या पद्धतीने करावयास हवा होता. संरक्षण खात्याची परकीय भाषांची शाळा १९४८ पासून आहे आणि तेथे अशा कारणाने भाषा गळत नाहीत!

आता या शिक्षणाच्या दाराशी कोण थांबतो, तेही पाहिले पाहिजे. परकीय भाषेचा वर्ग म्हणजे बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून चालणारा वर्ग. पाठ्यपुस्तकातील शब्दांचे अर्थ इंग्रजीत, व्याकरणाचे स्पष्टीकरण इंग्रजीत, शंकाही इंग्रजीतच विचारावयाची. मराठी माध्यमातून, बार्शी किंवा परतूरहून आलेला विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात समजतो की जर्मन शिकण्यापूर्वी त्याला आणखी एक अलिखित परीक्षा द्यावयाची आहे. यातील विपरीतपणा लक्षात घ्यावा. इंग्रजी बोलणाऱ्याला जर्मनमधील तीन लिंगे हा मोठा डोंगर वाटतो, कारण त्याच्या भाषेत मेजाला आणि खुर्चीला लिंगच नाही. मराठी मुलाला मात्र तो दगड, ती वाट आणि ते झाड हे आईच्या मांडीवरच कळलेले असते. नामाला विभक्ती लागते, तिच्यामुळे शब्दाचे रूप पालटते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि संबंध दाखविणारे शब्द नामाच्या मागून जोडले जातात. मराठीतही नेमके तसेच. 'पुण्याहून मुंबईला गाडीने गेलो' या वाक्यातील शब्दांचा क्रम जपानीत जवळजवळ तसाच ठेवता येतो. इंग्रजीत ते वाक्य उलटेपालटे करावे लागते. म्हणजे मराठीतून जपानीकडे जाणारा जो सरळ रस्ता आहे तो बंद करून विद्यार्थ्याला इंग्रजीच्या लांबच्या वळणाने नेले जाते, आणि त्या वळणावर तो धापा टाकू लागला की त्याला भाषेची जाण नाही, असा शेरा मारला जातो. मराठीच्या आधारे परभाषा शिकविणारी उत्तम व्याकरणे तयार करणे हे काम एखाद्या विद्यापीठाला दहा वर्षे पुरेल, आणि त्याने जेवढे विद्यार्थी वर्गात टिकतील तेवढे कोणत्याही शिष्यवृत्तीने टिकणार नाहीत.

डॉ. राममनोहर लोहिया १९२९ साली जर्मनीला गेले आणि १९३३ मध्ये बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन परतले. तेथील प्राध्यापक झोम्बार्ट यांनी आपल्याला इंग्रजी येत नाही असे सांगताच लोहियांनी त्यांचा निरोप घेतला आणि तीन महिन्यांत जर्मन शिकून ते पुन्हा त्यांच्यापुढे उभे राहिले, अशी कथा सांगतात. तपशील काहीही असो, मिठावरील कर हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. इंग्रजी हटविण्याची चळवळ करणारा हा नेता परभाषांचा वैरी नव्हता. त्याचे भांडण होते ते एका परकीय भाषेने बाकी सर्व भाषांची दारे अडवून धरण्याशी.

यंत्राचा प्रश्नही टाळता येणार नाही. २०१६ पासून संगणकाच्या अनुवादाचा दर्जा झपाट्याने वाढला आणि २०२२ च्या अखेरीपासून तर यंत्र संभाषणही करू लागले. माहितीपुस्तिकेचा पहिला खर्डा आता यंत्र करते. माणसाने तो तपासावयाचा, आणि तपासणीचे दर अनुवादाच्या दरांहून कमी. काम मात्र पुष्कळदा तेवढेच पडते, हे ते करणाऱ्यांना ठाऊक आहे. ज्या अनुवादाच्या चुकीची जबाबदारी कोणाला तरी घ्यावीच लागते, उदाहरणार्थ औषधाची मात्रा, कराराचे कलम किंवा साक्षीदाराची जबानी, तेथे माणूस राहील. परंतु तो त्या विषयातला जाणकार असावा लागेल. रशियन शिकलेल्यांना १९९१ नंतर जे उमगले, ते यंत्राने सर्वांनाच लागू केले आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल कामगार पाठविण्याचा करार केला. दहा हजार तरुणांचे उद्दिष्ट जाहीर झाले आणि त्यांना जर्मन शिकविण्याची व्यवस्था शासनाने अंगावर घेतली. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक तिकडे जाणार असतील तर त्यांनी भाषा शिकूनच जावे, हे योग्यच होय. भाषा येत नसलेला कामगार परमुलखात आपला हक्क मागू शकत नाही. परंतु या करारातून एक गोष्ट सिद्ध झाली : गरज पटली, की शासन भाषाशिक्षणाचा खर्च करू शकते.

मग ज्या भाषांच्या मागे कोणाची थैली उभी नाही, त्यांचे काय? मराठ्यांच्या इतिहासाची साधने मोडी आणि फारसीबरोबर पोर्तुगीज भाषेतही आहेत. संभाजी महाराजांची १६८३ ची गोव्यावरील स्वारी किंवा चिमाजीअप्पांची वसईची मोहीम पोर्तुगीज कागदांवाचून अर्धीच कळते. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या दप्तरखान्यात उभे आयुष्य वेचले म्हणून त्यांतले कितीतरी बाहेर आले. ते १९६९ साली निवर्तले. त्यांच्यामागे ते दप्तर वाचणाऱ्या मराठी तरुणाला वेतन कोण देणार, याचे उत्तर बाजारापाशी नाही. असण्याचे कारणही नाही.

त्याहूनही निकडीची बाब गोंडीची आहे. २०११ च्या जनगणनेत देशात गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख लोक नोंदले गेले. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती भाषा नाही. साक्षीपुरावा आरोपीला समजेल अशा भाषेत सांगितला गेला पाहिजे, असे फौजदारी प्रक्रियेचा कायदा म्हणतो. गडचिरोलीच्या दुर्गम भागातील रुग्णालयात एखाद्या माडिया बाईचे दुखणे डॉक्टरला समजावून देण्यासाठी मात्र अनेकदा शाळेत गेलेला नातूच पुढे येतो, आणि बायकांची दुखणी नातवासमोर किती सांगितली जात असतील, याची कल्पना करता येईल. साने गुरुजींनी १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली, तेव्हा भारतातील भाषाभगिनींची ओळख त्यांच्या मनात होती. ती सीमा ओलांडून तमिळ-बंगालीकडे जाते, तशीच ती जिल्हा ओलांडून भामरागडकडेही गेली पाहिजे.

गडचिरोलीत २०११ पासून विद्यापीठ आहे आणि त्याचे नावच गोंडवाना आहे. जिल्हा न्यायालयात, जिल्हा रुग्णालयात आणि तालुक्याच्या कचेरीत गोंडी-मराठी दुभाष्यांच्या कायम जागा निर्माण करून त्यांना वेतनश्रेणी दिली, तर त्या विद्यापीठातील गोंडीच्या विद्यार्थ्यालाही 'पुढे काय' याचे उत्तर घरी सांगता येईल. श्टुटगार्टला जाणाऱ्यांच्या भाषेसाठी शासनाने तरतूद केली. भामरागडच्या दवाखान्यातील भाषेसाठीची मागणी अर्थसंकल्पापूर्वी विधिमंडळात कोण मांडतो, ते आता पाहावयाचे आहे.