बालसेवेची खरी पुंजी

लहान बालसंस्था निधीअभावी खुंटतात, तशाच उत्तराधिकारी न घडल्यानेही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र आरंभिले. वंचित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. खर्च आपोआप मर्यादित राहिला. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडला गेले. आरंभापासून सोबत असलेल्या अनुताई वाघ यांनी १९७३ मध्ये ताराबाईंच्या निधनानंतर त्याची धुरा वाहिली. काटकसर साधनांत शोभते, सेविकेच्या मानधनात नव्हे. हिशेब चोख असावा आणि धुरा पेलणारे खांदे वेळीच घडवावेत. तरच दात्याचा रुपया बालकापर्यंत अखंड पोहोचत राहतो.