शामराव परुळेकरांची आमदारकी आणि आपले प्लॉट

(निवडणुकीआधी झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरात संघटनेच्या वतीने केलेलं भाषण. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी छापत आहोत. ज्यांना वाचता येतं त्यांनी पाड्यावर सगळ्यांना बसवून वाचून दाखवावं.)



निवडणूक आली. जीपगाड्या पाड्यावर यायला लागल्या. पाच वर्षं ज्यांना आपला रस्ता सापडत नव्हता, ते आता म्हाताऱ्यांना नावाने हाक मारतायत. आणि आपल्यातच दोन तट पडलेत. एक म्हणतो, आपलाच माणूस आमदार करू, तो मुंबईला जाईल आणि प्लॉट नावावर करून आणील. दुसरा म्हणतो, आमदार झाला की तो त्यांचाच झाला, मत द्यायलाच नको. कालपासून आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या. म्हणून आज एका आमदाराची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची ठरवली आहे. त्यांचं नाव शामराव परुळेकर. आपल्यातल्या साठीच्या पुढच्या लोकांना ते नाव सांगावं लागत नाही. पण जुने लोक त्यांना लाल बावट्याचे म्हणून ओळखतात. ते त्याआधी आमदार होते, हे पुष्कळांना ठाऊक नाही.

1937 साली इंग्रजांच्या राज्यात मुंबई प्रांताची निवडणूक झाली. तेव्हा सगळ्यांना मत नव्हतं. ज्याच्याकडे मालमत्ता, ज्याचा सारा ठरावीक रकमेच्या वर, किंवा जो शिकलेला, त्यालाच मत. दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्या वारल्याला, कातकऱ्याला कुठलं मत? अशा निवडणुकीत बाबासाहेब आंबेडकरांनी काढलेल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे शामराव कोकणातून निवडून आले. जातीने ते दलित नव्हते, आदिवासी नव्हते. भारत सेवक समाजात काम करणारे शिकलेले गृहस्थ होते. पण कुळाच्या आणि मजुराच्या बाजूने उभे राहिले.

आता बघा, विधिमंडळात बसून काय झालं. कोकणात खोती होती. सरकार आणि कूळ यांच्या मधे खोत. सारा त्याने वसूल करायचा, वर पाहिजे तेवढं काढून घ्यायचं. ती खोती मोडायचं बिल बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 ला मांडलं. नुसतं बिल मांडून भागणार नाही हे त्यांना माहीत होतं. 10 जानेवारी 1938 ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईला आले आणि कौन्सिल हॉलवर मोर्चा गेला. त्यात शामराव होते. सभागृहात आमदार, रस्त्यावर माणसं, दोन्ही होतं. तरी बिल पास झालं नाही, कारण सभागृहात आपल्या बाजूचे हात थोडे. खोती मोडायचा कायदा झाला 1949 साली. मधे बारा वर्षं गेली.

त्याच 1938 साली सरकारने कामगारांच्या संपावर बंधनं घालणारं बिल आणलं. मजूर पक्षाच्या आमदारांनी विरोध केला. 7 नोव्हेंबरला मुंबईत कामगारांनी मोठा संप केला. बिल पास झालंच. कोणी म्हणेल, मग आमदारकीचा उपयोग काय? उपयोग होता. खोताचं नाव काढायला लोक घाबरत होते, ती गोष्ट सरकारच्या तोंडावर बोलली गेली, कागदावर आली. पण बोलणं झालं म्हणजे काम झालं असं नव्हे.

आपल्या ठाणे जिल्ह्याचंच घ्या. आदिवासींची हालत बघायला सरकारने सिमिंग्टन नावाचा साहेब नेमला होता. 1939 साली त्याचा अहवाल छापून झाला. जमीनदार आणि सावकार फुकट राबवून घेतात, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणूस बांधला जातो, हे सगळं त्यात लिहिलं होतं. म्हणजे सरकारला ठाऊक नव्हतं असं नाही. अहवाल मुंबईत राहिला आणि वेठ पाड्यावर चालूच राहिली.

1939 च्या शेवटी लढाईच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. विधिमंडळाचं काम थांबलं, गव्हर्नरचं राज्य आलं. शामरावांची आमदारकी तिथेच थंड झाली. पण माणूस थंड झाला नाही. ते आणि गोदावरीबाई कम्युनिस्ट पक्षात गेले, लढाईविरुद्ध प्रचार केला म्हणून तुरुंगात बसले, सुटल्यावर किसान सभेच्या कामाला लागले.

1945 च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. उंबरगाव तालुक्यातून थोडेच वारली तिथे गेले होते. त्यांनी घरी येऊन सांगितलं आणि बोलणं पाड्यापाड्याला गेलं. 23 मे ला झरीला वारल्यांची परिषद भरली. हजारो माणसं. तिथे ठरलं: वेठ करायची नाही, रोख मजुरीशिवाय मालकाच्या शेतावर पाऊल ठेवायचं नाही, रोजाला बारा आणे घ्यायचे.

तरुण पोरांनो, लग्नगडी म्हणजे काय ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. लग्नाला सावकाराकडून थोडे रुपये घेतले की नवरा आणि बायको दोघंही त्याच्या घरी बांधलेले. कर्ज कधी फिटायचंच नाही. झरीच्या परिषदेनंतर लोक जमावाने जमीनदारांच्या दारात गेले आणि लग्नगड्यांना मोकळं करून घरी आणलं. ही वेठ कुठल्या बिलाने मोडली नाही. देशाच्या घटनेत वेठबिगारीला बंदी आली 1950 साली. वेठबिगारी मोडायचा वेगळा कायदा झाला 1976 साली. आपल्या लोकांनी ती 1945 साली मोडली, आणि तेव्हा विधिमंडळाला कुलूप होतं.

त्याच पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. 500 पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी. 10 ऑक्टोबरला तलासरी भागात जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि त्याच्यासोबत आणखी चौघं गेले. शामराव आणि गोदावरीबाईंना जिल्ह्याबाहेर काढलं. तरी संप मोडला नाही, कारण तो पुढाऱ्यांच्या भरवशावर चाललेला नव्हता. पुढे 1946 साली निवडून आलेलं सरकार आलं. वाटलं, आता आपलं राज्य. त्या सरकारनेही आंदोलनाच्या पुढाऱ्यांना हद्दपारच केलं. तेव्हा निवडून आलेलं सरकार म्हणजे आपलं सरकार, असा हिशोब धरू नका.

स्वातंत्र्यानंतर मत सगळ्यांना मिळालं. 1957 साली ठाण्याच्या लोकांनी शामरावांना दिल्लीला लोकसभेत पाठवलं. त्याच मतदारसंघातून आदिवासींच्या राखीव जागेवर लक्ष्मण मातेरा निवडून आले. 1937 साली ज्यांना मतच नव्हतं, त्यांनी वीस वर्षांनी दोन खासदार पाठवले. ही साधी गोष्ट नाही. म्हणून मतदानच नको म्हणणाऱ्यांना आम्ही सांगतो, हे मत कोणी दान दिलेलं नाही, ते फेकू नका. खासदारकी पाच वर्षांत संपली, काम संपलं नाही. 1965 च्या ऑगस्टमध्ये शामराव वारले ते तुरुंगात असताना.

आता आपल्या प्लॉटाकडे येऊ.

27 डिसेंबर 1978 ला राज्य सरकारने ठराव काढला. 31 मार्च 1978 पर्यंत जंगलजमिनीवर ज्यांचं अतिक्रमण होतं ते नियमित करायचं. अतिक्रमण हा त्यांचा शब्द. आपण त्याला आजोबाची नागली-वरईची जागा म्हणतो. त्या ठरावानंतर आपल्यातल्या किती जणांच्या हातात कागद आला? मधे 1980 चा केंद्राचा वनकायदा आला. आता जंगलजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर दिल्लीची परवानगी लागते. म्हणून जो उमेदवार म्हणतो, मला मत द्या, महिन्यात सातबारा देतो, तो एकतर कायदा जाणत नाही, नाहीतर आपल्याला फसवतोय.

मग आमदार काय करू शकतो? विधानसभेत प्रश्न विचारू शकतो: या तालुक्यात अर्ज किती, चौकशी किती, नामंजूर किती आणि का. मंत्र्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. तो कलेक्टरसमोर आपल्याला बसवू शकतो. उभं पीक उपटायला गार्ड आले तर तिथे येऊन उभा राहू शकतो. हे थोडं नाही.

पण एक गोष्ट कुठलाच आमदार करू शकत नाही. जमीन तुम्ही कधीपासून कसता, याचा पुरावा तो आणू शकत नाही. तो तुमच्या घरात, आढ्याला बांधलेल्या पिशवीत आहे. दंडाची पावती, एकसाली प्लॉटची पावती, कोर्टाची नोटीस. फॉरेस्टवाल्यांनी आपल्यावर केलेली केसच आज आपली साक्षीदार आहे. म्हणून गार्डला पावतीशिवाय एक रुपया देऊ नका, कोंबडी देऊ नका. विनापावतीचा दंड म्हणजे पैसेही गेले आणि पुरावाही गेला. कूळ कायद्याच्या वेळी हेच झालं. ज्याचं नाव पीकपाण्याला लागलेलं नव्हतं, त्याला कूळ म्हणून उभं राहणं जड गेलं. कसत तोच होता, कागद दुसऱ्याचा.

दोन दिवसांच्या चर्चेनंतर ठरलेलं असं:

एक. मतदान करायचं. कोणाला, ते प्रत्येक पाडा बसून ठरवील. दारू आणि मटणावर ठरणार नाही.

दोन. उमेदवाराने पाड्यासमोर यायचं, पुढाऱ्याच्या ओट्यावर नाही. बाया पुढे बसतील आणि त्याही विचारतील: 1978 च्या ठरावाबद्दल काय करणार, पीक उपटायला आले तर कुठे असणार. उत्तर कागदावर, सहीनिशी.

तीन. कोणीही निवडून येवो, दर तीन महिन्यांनी त्याला हिशोब विचारायला जायचं. एकटं नाही, सगळ्यांनी मिळून.

चार. होळीच्या आत प्रत्येक पाड्याने यादी करायची: कसणारा, त्याची बायको, जागेची खूण, कधीपासून, कुठला कागद. मूळ कागद घरी ठेवायचा, नक्कल संघटनेकडे.

आपलाच माणूस आमदार करा, आम्ही आडवे येणार नाही. पण तो गेल्यावर पाडा झोपला तर तो तिथे एकटा पडेल आणि एकट्या माणसाला विकत घेता येतं. शामरावांच्या मागे कोकणातली कुळं होती तेव्हा त्यांच्या बोलण्याला वजन होतं. आमदारकी नव्हती तेव्हा झरीची माणसं होती, आणि वेठ मोडली ती त्यांनीच.

तेव्हा मत द्या, आणि यादीही करा.

जमीन कसणाऱ्याची! संघटना जिंदाबाद!