रक्तातले निरोप



कामगार चळवळीतल्या माणसाने पगार, बोनस आणि रजा यांवर बोलावे, अशी रीत आहे. आज आम्ही जो विषय घेतला आहे, तो चारचौघांत कोणी काढीत नाही. आम्ही डॉक्टर नव्हे. जे जाणले ते वाचून आणि जाणत्यांना विचारून. पण लाजेपोटी झाकलेल्या दुखण्यावर भोंदू लोकांची दुकाने चालतात आणि भुर्दंड कष्टकऱ्याला पडतो, म्हणून हे धाडस.

१८४९ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे बर्थोल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषण काढलेल्या कोंबड्याचा तुरा सुकला, आरवणे व झुंजणे थांबले. वृषण पोटात पुन्हा बसविताच कोंबडा पूर्ववत झाला. मज्जातंतू तर तुटलेले होते! मग निरोप गेला कसा? रक्तावाटे. अशा निरोप्या द्रव्यांना पुढे, १९०५ साली, 'हॉर्मोन' हे नाव मिळाले. पुरुषांत मुख्य टेस्टोस्टेरोन, स्त्रियांत इस्ट्रोजेन. मात्र दोन्ही द्रव्ये दोघांतही असतात.

याची व्यवस्था गिरणीसारखी आहे. मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथी आहे, ती हेड ऑफिस. तेथून हुकूम सुटतो. वृषण किंवा बीजांडकोश हे खाते माल काढते. माल कमी पडला तर दोष खात्यात आहे की ऑफिसात, हे पाहावे लागते. हुकूम भरपूर आणि माल कमी, तर दोष खात्यात: गालगुंडांनी वृषण सुजले असतील, मार लागला असेल, किंवा जन्मजात उणीव असेल. हुकूमच कमी, तर पीयूषिकेवर गाठ, स्थूलपणा, अफूजन्य औषधे अशी कारणे शोधावी लागतात. रक्ततपासणीत हे दोन्ही आकडे कळतात.

पुरुषात कामेच्छा मंदावते, पहाटेची ताठरता जाते, स्नायू उतरतात, हाडे ठिसूळ होतात. पण नुसता थकवा आला म्हणजे हॉर्मोन कमी झाले, असे नव्हे. पंडुरोग, मधुमेह, थायरॉइड, अपुरी झोप, कर्जाची काळजी, यांनीही माणूस गळतो. म्हणून सकाळी उपाशीपोटी, निरनिराळ्या दिवशी दोनदा तपासणी करावी. रात्रपाळीवाल्याने आपली पाळी डॉक्टरांस आधी सांगावी. आणि एक ध्यानात ठेवा: बाहेरून टेस्टोस्टेरोन टोचले की हेड ऑफिसचा हुकूम थांबतो आणि शुक्रबीजे घटतात. मूल हवे असणाऱ्या तरुणाने 'ताकदीची' सुई परस्पर घेणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे होय.

स्त्रियांची पाळी आपल्याकडे साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. हा आजार नव्हे. अंगातून वाफा निघतात, रात्री घाम फुटतो, झोप मोडते. हाडांची झीज वाढते. फार त्रास झाल्यास उपचार आहेत. ज्यांना स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या आहेत, त्यांनी मात्र हे उपचार विशेष जपून, तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच ठरवावेत.

आता ज्यासाठी आज उभे राहिलो, ते सांगतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढल्याच्या तक्रारी २०१९ साली गाजल्या. सरकारने समिती नेमली. ८२ हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली आढळली. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर. खाडा पडला की दंड. फडात ना संडास, ना पुरेसे पाणी. मग पाळीचा आणि पांढऱ्या पाण्याचा त्रास 'कायमचा मिटवू' म्हणणारा भेटला, तर बाई काय करील?

पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोश गेले, तर इस्ट्रोजेन एकाएकी खाली येते. तिशीतल्या बाईवर पन्नाशीचे शरीर लादले जाते, आणि त्याच हाडांनी तिला मोळी उचलायची असते! बीजांडकोश राखले तरी पाळी जाण्याचे वय काही वर्षे अलीकडे येऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी दोन प्रश्न विचारावेत: दुसरा उपाय नाही काय? आणि बीजांडकोश राहणार की जाणार? ते आधीच गेले असतील, तर सरकारी दवाखान्यात तसे स्पष्ट सांगावे. अशा तरुण स्त्रीला, दुसरी अडचण नसल्यास, पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हॉर्मोन देण्याचा सल्ला दिला जातो.

गोळी डॉक्टर देईल. पण फडात संडास, पाणी आणि दंडाविना रजा या गोष्टी औषधाच्या दुकानात मिळत नाहीत. त्या संघटनेनेच मिळवाव्या लागतात. आपण नगरवासी या मागणीच्या पाठीशी उभे राहाल, एवढी अपेक्षा करून आम्ही आपली रजा घेतो.