मद्य, मेंदू आणि आपली मुले

(मंडळाच्या जळगाव येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तथापि एका चुकीची कबुली द्यावयाची आहे. धुळे जिल्ह्यातील एका शाळेत असताना, गृहपाठ न आणणाऱ्या एका मुलास मी भर वर्गात म्हणालो, "दारुड्याच्या पोटी दुसरे काय निपजणार?" त्याने शाळा सोडली. मध्यंतरी तो बसस्थानकावर भेटला, पाया पडला. सुपारीचेही व्यसन नाही. माझे वाक्य मात्र त्याला शब्दशः पाठ होते. त्याचे नाव येथे सांगत नाही. एकदा चारचौघांत घेतले तेवढे पुरे.

ते वाक्य शास्त्राच्या कसोटीस उतरते काय? मेंदूतील सूक्ष्म विद्युत्प्रवाहाचा आलेख मस्तकावरून घेण्याची विद्या जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ साली साधली. एकसारख्या खुणा दाखविताना वा आवाज ऐकविताना मध्येच निराळे काही आले, की सुमारे तीनशे सहस्रांश सेकंदांनी आलेखात एक लहर उठते. तिला पी-३०० म्हणतात. न्यूयॉर्कचे हेन्री बेगलायटर व सहकारी यांनी १९८४ साली मद्यासक्त पित्यांच्या लहान मुलग्यांची परीक्षा केली. मद्याची सवय मुळीच नसलेल्या त्या मुलांतही ही लहर ठेंगणी निघाली. बंगलोरच्या निमहान्स संस्थेतील डॉ. विवेक बेनेगल आदींच्या १९९५ च्या निबंधातही, कुळातील धोका जितका अधिक तितकी लहर खुजी, असेच दिसले.

"मग मास्तर, तुमचेच खरे!" असे कोणी म्हणेल. नाही. मद्यासक्तीत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा मानतात. उरलेला संगतीचा व परिस्थितीचा. शिवाय अतिचंचल मुलांतही ही लहर ठेंगणी आढळते, आणि पुष्कळांच्या सरासरीवरून एकट्या मुलाचे भविष्य वर्तविता येत नाही. म्हणून, बाप पितो एवढ्यावरून मुलीची सोयरीक मोडणाऱ्यांनी शास्त्राची साक्ष काढू नये. (वधूवर-सूचीच्या कामात अशी पत्रे मी स्वतः वाचली आहेत.)

परंतु धोका अधिक, हे खरेच आहे; आणि आपण काय करतो? त्याच घरातील पोराला वरातीत मामा-काका पहिला घोट देतात. कडब्याच्या गंजीशेजारी चूल मांडावी, तसे हे आहे.

पिणाऱ्या बापासाठी पुण्यात मुक्तांगण आहे. अनिता व अनिल अवचट यांनी ते १९८६ साली काढले. घरच्यांनी लाज न धरता तेथे जावे.

सामुदायिक विवाहाच्या वरातीत मद्य आणणाऱ्या घराची नोंदणी पुढील वर्षी घेऊ नये, असा ठराव मी मांडतो. अनुमोदक हवा आहे.